मंजुळेचा अर्धा अध्याय

आमच्या घरात कादंबरी लिहिली जातेय हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. संध्याकाळी शाळेचे पेपर तपासून झाले की आत्या धान्याच्या कोठीला पाठ टेकून बसायची, मांडीवर पोळपाट उलटा घालायची, त्यावर फुलस्केप कागद ठेवायची आणि लिहायला लागायची. पोळपाट अर्थात आईचा. सकाळी त्याच्या पाठीवर शाईचे ठिपके दिसले की आई पुटपुटायची, "काल लढाई झाली वाटतं," आणि ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. कोल्हारचं आमचं घर प्रवरेपासून फार लांब नव्हतं. एका अंगाला नगर-मनमाड रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर, दुसऱ्या अंगाला मोटारपंपाची, आणि वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा वास. पाहुणे नाक मुरडायचे, आम्हाला मात्र तो वास आला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. या सगळ्या गलक्यात बसून आत्या निजामशाहीच्या काळात जायची आणि जेवायला दोन-तीन हाका मारल्यावर परत यायची.

आत्या म्हणजे सुमन, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वडिलांना सगळं घर दादा म्हणायचं, आम्ही मुलंसुद्धा. आत्याचं लग्न झालं आणि थोड्याच वर्षांत तिचे यजमान तापाचं निमित्त होऊन गेले. दादा त्यांना दाजी म्हणत. मला त्यांचा चेहरा आठवत नाही, इतकी मी लहान होते. त्यानंतर आत्या परत आमच्याकडे आली, राहात्याच्या शाळेत मराठी शिकवायला लागली आणि रोज एसटीनं जाऊन येऊन करू लागली. ती दुःखी दिसायची असं कुणाला वाटेल, तर तसं अजिबात नव्हतं. एसटीतल्या गमती सांगताना कंडक्टरची नक्कल करायची, पेरूच्या दिवसांत पिशवीभर पेरू आणायची आणि त्यातले पोपटानं खाल्लेले आधी स्वतःला काढून घ्यायची. पोपटाला आपल्यापेक्षा जास्त कळतं म्हणायची.

कादंबरीचं नाव होतं 'तलवार आणि तगर'. नायक हैबतराव, शिलेदार. नायिका मंजुळा, किल्ल्याच्या मुदपाकखान्यात राबणाऱ्या बाईची मुलगी. दोघांची गाठ नदीच्या घाटावर पडते, तो तिच्या घागरीशेजारी तगरीचं फूल ठेवतो, मग लढाई, विरह, पुन्हा लढाई, पुन्हा फूल. आयुष्यभर मी संगमनेरला मराठी शिकवलं, वर्तमानपत्रांतून बऱ्याच पुस्तकांवर लिहिलं, काही लेखकांनी त्यापायी माझ्याशी बोलणं सोडलं. तेव्हा आता आत्याच्या कादंबरीला तरी सवलत कशाला द्यायची? लढाया वाईट होत्या. नुसत्या वाईट नव्हे, लांब होत्या. हैबतरावाचा घोडा तिसऱ्या प्रकरणात पांढराशुभ्र आणि सातव्यात काळाकभिन्न. डाव्या खांद्याला झालेली जखम पुढे उजव्या खांद्यावर बरी होते. खलनायक आत आला की विकट हास्य करतो आणि बाहेर गेला की घोर प्रतिज्ञा करतो. आणि तगरीचा तो धुंद करणारा सुगंध! आमच्या दारातच तगर होती. तिला वास असून असून असणार किती?

पण याच कादंबरीत मुदपाकखान्याचं एक प्रकरण होतं, ते आजही मी वर्गात वाचून दाखवीन. अचानक फौज येऊन उतरते, पीठ कमी, सरपण ओलं, आणि पाच-सहा बायका धुरात डोळे पुसत भाकऱ्या थापतात. कुणाची सून बाळंत व्हायची आहे, कुणाचा नवरा फौजेबरोबर आलाय की नाही हे तिला अजून कळलेलं नाही, पण भाकरी सोडून बघायला जाता येत नाही. सगळं बोलण्यातूनच कळतं. प्रवरेच्या पुराचंही असंच. पाणी कसं चढतं, आधी आवाज बदलतो, मग रंग, मग माणसं घाटाच्या पायऱ्या मोजायची थांबतात. एकाच हातानं, त्याच पोळपाटावर, हे आणि ते विकट हास्य कसं लिहिलं गेलं असेल याचं मला तेव्हा कोडं पडायचं. कोडं तसं सोपं होतं. लढाया दादांसाठी होत्या.

दादांना इतिहासाचं भारी वेड. शेती करायचे, पण बोलायला बसले की तोफांवर यायचे. आत्या त्यांना फक्त लढाईची प्रकरणं वाचायला द्यायची. दादा खूश होऊन म्हणायचे, "ह्यात अजून थोडा दारूगोळा पाहिजे," आणि आत्या आणखी थोडा घालायची. मुदपाकखाना आणि नदी तिनं स्वतःसाठी लिहिली, म्हणून ती जिवंत. प्रेमाचं काय करायचं ते तिला समजत नव्हतं, कारण तेही शेवटी दादाच वाचणार होते. दादांचे एक स्नेही संगमनेरला छापखाना चालवायचे, ते पुस्तक छापायला तयार होते, आणि आत्यानं सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं की दादाला पसंत पडल्याशिवाय एक ओळ छापायची नाही. दादा वाईट नव्हते. दाजी गेल्यावर बहिणीला शिकवलं, नोकरीला लावलं, नातेवाइकांची तोंडं बंद केली ती त्यांनीच. म्हणून तर ती त्यांचा शब्द मोडू शकत नव्हती.

श्रावणात आमच्या ओसरीवर दुपारी पोथी व्हायची. शेजारची गोदाक्का ती वाचायची, पण त्या वर्षी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि काळा चष्मा लावून ती ऐकणाऱ्यांत बसली. वाचायचं काम माझ्यावर आलं. मी अकरावीत होते, खणखणीत आवाज होता, आणि भजी मिळतील म्हटल्यावर मी काहीही वाचलं असतं. बायका वाती वळत ऐकायच्या. गोदाक्काचे नियम कडक होते. वाचताना ओळ गाळायची नाही, अध्याय अर्धा सोडायचा नाही, आणि अध्याय पुरा झाल्याशिवाय पोथी कापडात बांधायची नाही. त्या वर्षी मी जरा भरभर वाचलं असेन, पोथी लवकर आटोपली. श्रावण उरला, कापूस उरला. आई सहज म्हणाली, "वन्संचं ते वाच की. ऐकू तरी दे आमाला, काय लिवत्यात रोज."

आत्या आधी नको नको म्हणाली आणि मग तिनंच कागद नीट लावून दिले. कादंबरी वाचणार म्हटल्यावर कमलताईही यायला लागल्या. त्या गावात बालवाडी चालवायच्या. त्यांच्या सासऱ्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हापासून त्यांच्या घरातून पोथ्या गेल्या होत्या, त्यामुळे श्रावणातल्या दुपारी त्या कधी आल्या नव्हत्या. आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी चौरंगावर हळद-कुंकू वाहिलेले फुलस्केप कागद पाहिले आणि म्हणाल्या, "अवो, ही कादंबरी हाय, पोथी न्हाई." गोदाक्का म्हणाली, "वाचायची हाय न्हवं? मंग पोथीच." असा तो वाद मिटला. निरांजन राहिलं, नारळ रद्द झाला, आणि हैबतराव आमच्या ओसरीवर अध्यायागणिक अवतरू लागला. मुदपाकखान्याच्या दिवशी आईच्या डोळ्यांना पाणी आलं. लढाईच्या दिवशी वाती मात्र भरपूर झाल्या.

आणि मग अकरावा अध्याय आला. शनिवार होता. फौज प्रवरेकाठी उतरली आहे, उद्या मोहीम, मंजुळा आईची नजर चुकवून हैबतरावाच्या तंबूत येते. बायकांचे हात थांबले. मी आवाज खाली आणून वाचलं: 'हैबतरावाने मंजुळेचा हात हाती घेतला. तंबूतील समई मंदावली. दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी फौजेने कूच केले.'

"नंदे," गोदाक्का म्हणाली, "ओळ गाळलीस."

"नाही गाळली."

"म्या काय बहिरी हाय? डोळं गेलं हुतं, कान न्हाई. त्यानं हात धरला आन् फौज निघाली? मदली रात कुटं गेली?"

"एवढंच आहे, गोदाक्का."

"पोरीला लाज वाटली आसंल," कुणीतरी म्हणालं. "पान पलटलं बघा तिनं दोन-दोन." "पोथीत असं करू न्हाई गं, पाप लागतंय." एकदम कालवा झाला. मी रडकुंडीला आले. शेवटी कमलताईंनी माझ्या हातून कागद घेतले, पानांचे आकडे पाहिले, दोन्ही पानं उजेडात धरून पुन्हा वाचली आणि निकाल दिला, "पोरीनं काय गाळलं न्हाई. सुमनताईंनी लिहिलंच न्हाई."

नेमकी त्याच वेळी आत्या दारात उभी. शनिवारची सकाळची शाळा, दुपारच्या एसटीनं ती यायची. खांद्याला पर्स, हातात कोथिंबिरीची जुडी. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, आणि वर्गातल्या चाळीस पोरींना एका नजरेत गप्प करणारी माझी आत्या लाल झाली.

"लाज वाटली," ती म्हणाली.

"आन् आठव्या अध्यायात येवढी मानसं कापली, तवा न्हाई वाटली व्हय?" कमलताईंनी विचारलं. बायका अशा हसायला लागल्या, की गोदाक्काचा काळा चष्मा घसरून वातींत पडला. आत्याही हसली. पण गोदाक्कानं हसता हसता हुकूम सोडला, की अध्याय अर्धा आहे, आता हे बांधायचं नाही. मधलं येईल तेव्हा येईल, तोवर चौरंगावर असंच राहू द्या. तेव्हा कागद तसेच उघडे राहिले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून आईनं वर खलबत्त्यातला बत्ता ठेवला. माझी एक जुनी विद्यार्थिनी हल्ली मोबाईलवर कादंबरी लिहिते, रोज एक भाग. त्याखाली वाचक लिहितात, 'ताई, पुढचं कधी? मधलं का गाळलं?' तिनं मला ते कौतुकानं दाखवलं तेव्हा मी म्हटलं, बाई गं, तुझ्याकडे नुसत्या सूचना येतात, आमच्याकडे बत्ता ठेवला होता.

संध्याकाळी दादा शेतातून आले, चौरंगाला अडखळले आणि विचारलं, "हे काय उघडं टाकलंय?" आईनं जेवताना सगळं सांगितलं. त्या दिवशी शेंगोळे होते, हुलग्याच्या पिठाचे, लसणाचा झणका दिलेले. एरवी शेंगोळे पानात असले की आमच्या घरात कुणी बोलत नसे. दादांनी घास खाली ठेवला.

"मदी काय झालं ते साऱ्या जगाला ठाऊक हाय. लिहून कशाला दाखवायचं?"

"मंग लढाईत मानसं मरत्यात हे बी ठाऊकच हाय की," आई म्हणाली. "ते कशाला येवढं पानं पानं लिवलं?"

"तुला न्हाई कळायचं ते." मग दादा आत्याकडे वळले आणि त्यांचा आवाज उतरला. "सुमे, लोकं वाचतील ना, तवा त्यांना मंजुळा दिसनार न्हाई. तू दिसशील. एकटी बाई, शाळंत पोरी शिकवतीस. उद्या एसटीत कोनी काय बोललं तर मी कुटं कुटं पुरा पडू?"

आत्यानं ताटातला शेंगोळा बोटानं इकडचा तिकडे केला. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "मग राहू दे, दादा. छापायलाच नको. तशी अर्धी मला नाही छापायची."

तिनं आवाज चढवला असता तर दादांनीही चढवला असता आणि भांडण होऊन मिटलं असतं. पण ती हे इतकं शांतपणे बोलली, की भांडायला जागाच उरली नाही. त्यानंतरच्या संध्याकाळी ती कोठीला टेकून बसलीच नाही. वह्या तपासायची आणि सरळ आईला निवडण-टिपण करू लागायची. एसटीतल्या नकला बंद झाल्या. पोळपाट सकाळी स्वच्छ असायचा. आई तरी सवयीनं तो उलटा करून बघायची, आणि पीठ मळायला घ्यायची. मला त्या दिवसांत दादांचा मनस्वी राग आला होता, आणि तो मी त्यांच्या चहात साखर कमी घालून व्यक्त करत होते. चौरंगावरच्या त्या कागदांना वळसा घालून सगळं घर ये-जा करत होतं. दादाही वळसा घालत होते. चार-पाच दिवस झाले आणि एकदा पायतण घालता घालता, आत्याकडे न बघता, ते म्हणाले, "लिही. पन नंदी वाचील ते माझ्यासमोर, सगळ्यांदेखत. मला पटलं तर मी स्वता संगमनेरला नेऊन देतो. न्हाई पटलं तर इषय संपला."

दादा हुशार माणूस. सगळ्यांदेखत म्हटल्यावर ही काही लिहिणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा. आत्यानं मान हलवली. रविवारी सकाळी तिनं पोळपाट मागितला. आईनं पोळ्या करायच्या सोडून तो दिला आणि त्या दिवशी आम्ही नुसता भात खाल्ला.

पुढच्या शनिवारी ओसरी भरून गेली. पोथीला कधी न येणाऱ्या बायकाही आपापल्या घरचा कापूस घेऊन आल्या. दादा कोपऱ्यात खुर्ची टाकून पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून होते. माझी अवस्था काय सांगू! सोळा वर्षांची मुलगी, समोर जन्मदाता बाप, आणि हातात प्रेमाचं प्रकरण. आत्यानं मला ते आधी वाचू दिलं नव्हतं. ती स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. हैबतरावानं मंजुळेचा हात हाती घेतला इथपर्यंत मी धडाधड वाचलं आणि मग डोळे मिटून घ्यावेसे वाटले. पुढे लिहिलं होतं:

'तिचे केस ओले होते. हैबतरावाने फणी घेतली आणि तो तिच्या मागे बसला. त्याला फक्त घोड्याची आयाळ विंचरायची सवय. पहिल्याच वेळी गुंता ओढला गेला आणि ती ओरडली. मग तो टोकाकडून वर वर येत गेला, एका हाताने मुळाशी केस घट्ट धरून, म्हणजे तिला ओढ लागू नये. बोलत काही नव्हता. मध्येच विचारी, दुखलं का? ती नाही म्हणे. दुखत होतं तरी नाही म्हणे, कारण हो म्हटलं असतं तर तो थांबला असता.'

एकही अलंकार नव्हता. तगर नव्हती, समई नव्हती. इतकी पानं विकट हास्य लिहिणारी बाई हीच का, असं मला वाटलं, आणि वाचता वाचता माझी लाज कुठे गेली ते कळलं नाही. गोदाक्काच्या हातातली वात अर्धीच वळलेली राहिली. आई कमलताईंकडे झुकून हळूच म्हणाली, पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं, "दाजी असंच करायचे. हितंच, ह्याच ओसरीवर बसून, भर दिवसा. लई हसायची लोकं त्यांना."

दादांचा पेपर खाली आला. मी वाचायची थांबले. आत्या उंबऱ्यात खाली मान घालून उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आता हे उठणार, आणि कादंबरीही गेली आणि आत्याचं लिहिणंही गेलं, असं मला वाटलं. दादांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

"थांबलीस का गं?" ते म्हणाले. "वाच फुडं. दाजी बसलेत अजून."